अजिंठ्याची सहल आणि कॅमेऱ्याचे ओझे

जतच्या माणसाला लांबच्या प्रवासाला निघायचे म्हणजे आधी मिरज गाठावे लागते. मिरज-पंढरपूर मार्गावर जत रोड नावाचे एक स्टेशन आहे खरे, परंतु ते गावापासून इतके लांब की नावापुरतेच जतचे. तेव्हा बोचकी, पाण्याच्या बाटल्या, भाकरी-चटणीचे गाठोडे हे सगळे जतच्या स्टँडवर एस.टी.त चढवायचे, मिरजेला उतरवायचे, जिन्यावरून प्लॅटफॉर्मवर न्यायचे आणि पुन्हा रेल्वेत चढवायचे. ज्या घरातल्या माणसांनी जन्मभर दुसऱ्यांची ओझी वाहिली, त्यांना सहलीत तरी ओझे कमी असावे असे आम्हास नेहमी वाटत आले आहे. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये आमच्या वस्तीतल्या एकोणीस जणांनी अजिंठ्याला जायचे ठरवले, तेव्हा सामानाची यादी करण्याचे काम आम्ही आपणहून अंगावर घेतले. कारकुनी पेशा आणि शिक्षण बी.कॉम., त्यामुळे यादी आणि बेरीज एवढेच आम्हास बरे जमते.

विहारात बैठक झाली. गाडी ठरली, महाराष्ट्र एक्सप्रेस. ती कोल्हापूरहून निघून मिरज, पुणे, मनमाड करीत जळगावला जाते आणि जळगावहून लेणी साधारण साठ किलोमीटरवर. सोमवारी अजिंठा बंद असते, म्हणून शनिवार धरला. जेवणाचे, अंथरुणाचे, औषधांचे अर्ध्या तासात मिटले. अडले ते कॅमेऱ्यापाशी, आणि तिथे रात्रीचे अकरा वाजले.

आमचा पुतण्या लग्नाच्या शूटिंगची कामे करतो. त्याच्याकडे जुना विकत घेतलेला डीएसएलआर कॅमेरा आहे, तीन लेन्स आहेत, स्टँड आहे. त्याचे म्हणणे, "काका, जन्मात एकदा अजिंठ्याला जाणार. अर्धं सामान घरी ठिवून गेलो आणि तिथं लागलं, तर परत कोण येणार हाय?" म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. दुसऱ्या बाजूला बायका म्हणत होत्या की हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग ही वेगळी बॅग कशाला? कोपऱ्यात आमच्या आत्या बसल्या होत्या. वय बहात्तर, उमेदीची वर्षे ऊसतोडीत गेलेली, गुडघे कामातून गेलेले. त्या म्हणाल्या, "आरं, त्ये एवढं वज्जं कोण उचलणार? शेवटाला माझ्याच उशाला येणार न्हवं?"

वाण्याच्या काट्यावर

दुसऱ्या दिवशी आम्ही पुतण्याची बॅग घेऊन सरळ वाण्याच्या दुकानात गेलो आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवली. वाणी हसला, पण त्याने वजन बरोबर करून दिले. नुसता कॅमेरा बॅटरीसह पावणेपाचशे ग्रॅम. सोबत येते ती नेहमीची लेन्स दोनशे. लांबचे जवळ आणणारी मोठी लेन्स तीनशे नव्वद. पन्नास एम.एम.ची छोटी लेन्स एकशे साठ. चार्जर आणि जादा बॅटरी मिळून दीडशे. स्टँड एक किलो चारशे. आणि ज्या बॅगेत हे सगळे मावायचे ती रिकामी बॅगच नऊशे ग्रॅम. बेरीज तीन किलो सहाशे पंच्याहत्तर. यातला निम्म्याहून अधिक भार स्टँड आणि बॅग यांचा, म्हणजे ज्याने फोटो निघत नाही अशा वस्तूंचा. पुतण्याने हे ऐकून मान खाली घातली, पण हार मानली नाही. त्याने विचारले, "मग स्टँडशिवाय अंधारात फोटो कसा काढायचा ते तुमीच सांगा."

प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर देण्याआधी, आम्ही या गोष्टीला एवढे का धरून बसलो होतो ते वाचकांना सांगितले पाहिजे.

२००६ साली धम्मदीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्या वर्षी आम्ही आईला घेऊन नागपूरला गेलो होतो. त्या वेळी आम्ही नुकते नोकरीला लागलो होतो. दीक्षाभूमीचा स्तूप २००१ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला होता आणि आईने तो कॅलेंडरवरच पाहिला होता. मित्राकडून रोलचा कॅमेरा मागून घेतला, छत्तीस फोटोंचा रोल घातला आणि त्या अफाट गर्दीत आईला स्तूपासमोर उभी करून जपून जपून फोटो काढले. आई पांढऱ्या पातळात होती, पदर दोन वेळा सारखा केला होता. जतला येऊन रोल धुवायला दिला, तर तो कोरा. रोलचे टोक दात्यात बसलेच नव्हते. आम्ही खटका दाबत गेलो, आकडा पुढे सरकत गेला आणि आत रोल जागच्या जागी. चूक सर्वस्वी आमची. आई म्हणाली, "जाऊ दे, मी बघितलंय न्हवं." २०११ मध्ये आई गेली. तिचा दीक्षाभूमीवरचा एकही फोटो आमच्याकडे नाही. भिंतीवर आहे तो रेशनकार्डाच्या कामासाठी काढलेला, पासपोर्ट आकाराचा, मोठा करून घेतलेला.

आमच्या बहुतेक घरांची हीच कथा आहे. बाबासाहेबांचा फोटो प्रत्येक घरात, तथागतांचा फोटो प्रत्येक घरात, आणि खुद्द आपल्या आज्याचा किंवा पणजीचा चेहरा कसा होता हे सांगायला कागदाचा तुकडाही नाही. स्टुडिओत जाऊन फोटो काढणे हे मजुरीच्या पैशात बसतच नव्हते. म्हणून कॅमेरा नेऊच नये असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला आम्ही नव्हतो. किती न्यावा आणि कशासाठी न्यावा, एवढाच आमचा प्रश्न होता.

मेजर गिल आणि त्याच्या काचा

अजिंठ्याला चित्रे उतरवायला गेलेल्यांच्या सामानाचा इतिहास मोठा आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यात स्वतःचे नाव कोरून आला. (ही खोड आपल्याकडे आजही आहे, आणि साहेबाने केली म्हणून ती चांगली ठरत नाही.) पुढे १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल याला भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला पाठवले. त्याने वर्षानुवर्षे तिथे राहून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत थोड्या सोडल्या तर सगळ्या जळाल्या. नंतर मुंबईच्या जे.जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थी नेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या. दोन पिढ्यांची मेहनत दोन आगींत संपली. एकच प्रत ठेवली की असे होते, हे आमच्या रोलने आम्हास शिकवले होते आणि गिलसाहेबाला आगीने.

गिलने ब्रशाबरोबर कॅमेराही हाती घेतला होता. त्याने काढलेल्या फोटोंचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले. त्या काळची फोटोची पद्धत ऐकली तर पुतण्याची पावणेचार किलोची बॅग म्हणजे खेळणे वाटेल. लाकडी पेटीचा कॅमेरा, काचेच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधारी खोली म्हणून एक तंबू. काचेवर रसायन ओतायचे, ते ओले आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि ओले आहे तोवरच धुवायचा. दहा-पंधरा मिनिटांत सगळा खेळ. जंगलात, वाघूर नदीच्या त्या घळीत हे सामान कोणी वाहिले असेल? पुस्तकावर गिलचे नाव आहे. हमालांची नावे कुठेच नाहीत. ती माणसे कोणत्या वस्तीतली असतील याचा अंदाज आमच्या वाचकांना करता येईल.

गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. आमची गाडी जळगावच्या पुढे तिकडेच जाते, पण आम्हास जळगावलाच उतरायचे होते.

अंधारात काय करायचे

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे येऊ. अजिंठ्यात फ्लॅश मारण्यास सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांतली चित्रे दीड हजार वर्षांची आहेत, नवव्या-दहाव्यातली काही त्याहून जुनी. झगझगीत उजेडाने रंग विटतात. आत मंद दिवे आहेत, तेवढ्यातच पाहायचे. स्टँड लावायला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते, ती आयत्या वेळी दारात मिळत नाही. ड्रोनचे तर नावच नको. तेव्हा स्टँड न्यायचा म्हणजे दीड किलो लोखंड फिरवून आणायचे. चित्रांच्या लेण्यांत फोटोबाबत दारावरचा कर्मचारी सांगेल तेच प्रमाण मानायचे, हुज्जत घालायची नाही, हेही बैठकीत ठरले.

राहिल्या लेन्स. बिनोय बहल नावाचे छायाचित्रकार आहेत. त्यांनी १९९० नंतरच्या काळात अजिंठ्याची चित्रे झगझगीत दिवे न लावता, आहे त्याच मंद उजेडात टिपली. १९९८ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि भिंतीवरचे रंग मुळात कसे आहेत ते जगाला दिसले. तोवरच्या फोटोंत पिवळेपणा फार असे. त्याचे एक कारण म्हणजे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून जाणकार आणले होते. त्यांनी चित्रे जपण्यासाठी जे रोगण लावले, तेच कालांतराने पिवळे पडले. बहल यांच्याइतके कसब आपल्याकडे नाही, पण त्यांच्यापासून एवढे घेता येते की अंधारात उजेड वाढवायचा नसतो, आहे तो जास्त आत घ्यायचा असतो.

लेन्सवर एफ लिहून पुढे आकडा असतो. तो जितका लहान तितके लेन्सचे दार मोठे उघडते. पुतण्याच्या नेहमीच्या लेन्सवर साडेतीन ते पाच पॉइंट सहा आहे. पन्नासच्या छोट्या लेन्सवर एक पॉइंट आठ. हिशेब केला तर साडेतीनच्या मानाने जवळजवळ चौपट उजेड आत येतो आणि पाच पॉइंट सहाच्या मानाने नऊ-दहा पट. म्हणजे एकशे साठ ग्रॅमची लेन्स अंधारात मोठ्या लेन्सला भारी पडते. मोठी लेन्स तर अंधारात निरुपयोगीच, ती पक्षी-प्राण्यांसाठी. "तिथं काय वाघ बसलाय व्हय?" असे आत्यांनी विचारल्यावर ती यादीतून गेली.

परंतु छोट्या लेन्सला एक खोट आहे. तिच्यात समोरचे थोडेच मावते. सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती साधारण सात मीटर लांब आहे आणि समोर खांब, मागे सरकायला जागा नाही. तिथे मोबाइल कामाला येतो. त्याची नजर रुंद असते. शिवाय हल्लीचे बरे मोबाइल अंधारात एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते आपले आपण एकत्र करतात, त्यामुळे हात थोडा हलला तरी चालते. लग्नाच्या शूटिंगवाल्याला हे कबूल करणे जड गेले. आम्ही त्यांच्या घरातल्या न्हाणीत दार लावून, झिरोचा बल्ब लावून दोन्हींनी फोटो काढून पाहिले. नेहमीच्या लेन्सपेक्षा मोबाइलचा फोटो बरा आला. छोट्या लेन्सचा सगळ्यात चांगला.

अखेरची यादी अशी झाली. कॅमेरा, त्यावर पन्नासची एकच लेन्स, जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डे. बॅग नाही. आमच्या सौभाग्यवतींनी जुन्या गोधडीच्या तुकड्याची कॅमेऱ्याला टकुच्यासारखी पिशवी शिवून दिली. एकोणीस जणांत अकरा मोबाइल होते. त्यांतले फोटोसाठी तीनच, बाकीचे खिशात. त्या तिघांना सांगितले की घरूनच मेमरी रिकामी करून या, कारण सकाळच्या शुभेच्छांची फुले आणि सुविचार यांनीच आपल्या लोकांचे फोन भरलेले असतात आणि ऐन वेळी "जागा नाही" असे येते. पॉवर बँक दोन. रात्री अकरा ते पहाटे पाच रेल्वेत चार्जिंगचे पॉइंट बहुधा बंद ठेवतात, आणि स्लीपर डब्यात पॉइंट असतातच मुळात मोजके, म्हणून फोन घरून पूर्ण भरून न्यायचे.

आणखी एक वस्तू आम्ही नेली, तिचे वजन पन्नास ग्रॅमही नाही. ती म्हणजे हजेरीपत्रक. एकोणीस नावे, पुढे चौकोन. ज्याचा एकट्याचा स्वच्छ फोटो निघेल आणि पडद्यावर मोठा करून, डोळे उघडे आहेत ना ते पाहून होईल, त्याच्या नावापुढे खूण. खूण झाल्याशिवाय परतीची बस नाही. सहलीत फोटो काढणारा स्वतः फोटोत नसतो आणि पिशव्या सांभाळत बसलेल्या बायका तर कधीच नसतात, हे आम्ही अनेक सहलींत पाहिले आहे. सोळा मोठ्या माणसांनी माणशी पन्नास रुपये वेगळे दिले, ते फक्त फोटो कागदावर काढण्यासाठी. या आठशे रुपयांना दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही असा ठराव झाला.

प्रत्यक्षात

जळगावला सकाळी उतरलो, चहा घेतला, एस.टी. पकडली. फर्दापूरच्या फाट्यावर सगळ्या गाड्या थांबवतात. तिथून चार किलोमीटर लेण्यांपर्यंत वेगळी बस. तिकीट माणशी चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालील मुलांना नाही. तिथे सतरंजी झटकताना तिच्या घडीतून स्टँड बाहेर पडला. पुतण्याने गुपचूप आणलाच होता! दारावरच्या कर्मचाऱ्याने शांतपणे बजावले, "आत उघडायचा नाही." आम्ही काही बोललो नाही, कारण आत्यांची काठी रात्री रेल्वेत राहिली होती आणि त्या मिटलेल्या स्टँडवर भार देऊन पायऱ्या चढायला लागल्याही होत्या. पायथ्याशी डोलीवाले होते. आम्ही विचारले, तर आत्या म्हणाल्या, "चार माणसांच्या खांद्यावर एकदाच जायचं आसतंय. आत्ता न्हाई." दर वीस पायऱ्यांना बसत त्या वर आल्या.

पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर आम्ही कॅमेरा काढू लागलो, तोच त्यांनी आमचा हात धरला. "फोटू मागनं. आधी मला सांग ह्यो कोण." आम्ही वाचलेले जेवढे होते तेवढे सांगितले. बोधिसत्त्व म्हणजे काय, हातात कमळ का, डोळे खाली का. आमचे संपले, तरी त्या पाहत होत्या. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटे लागतात आणि मग भिंतीवर एकेक चेहरा वर येऊ लागतो. तेवढा वेळ थांबणारे थोडे. आमच्यामागून तीन तुकड्या मोबाइल वर धरून आल्या आणि गेल्या. त्या लेण्यात आमचा एकच फोटो निघाला आणि तोही किंचित हललेला.

सव्विसाव्यात मोबाइलनेच काम केले. मुलांना मूर्तीच्या पायांशी उभे केले तेव्हा ती केवढी आहे ते कळले. माणसांचे फोटो आम्ही सगळे बाहेर, एकोणिसाव्या लेण्याच्या अंगणात काढले. तिथे उजेड भरपूर, मागे कोरीव कमान. पुतण्याच्या छोट्या लेन्सने चेहरे असे उठून आले की लग्नात येत नाहीत, हे त्याचेच शब्द. हजेरीपत्रकावर खुणा होत गेल्या. अठरा झाल्या. एकोणिसावे नाव कोणाचे म्हणून पाहिले, तर पुतण्याचे. त्याचा फोटो त्याच्या बहिणीने काढला, तिसऱ्या खेपेला नीट आला.

परत आल्यावर त्याच रात्री सगळे फोटो कार्डातून घरच्या कॉम्प्युटरवर आणि तिथून पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. पेन ड्राइव्ह विहाराच्या कपाटात ठेवला आहे, घर एकीकडे आणि विहार दुसरीकडे. एकट्याचा एक आणि सगळ्यांचा मिळून एक असे प्रत्येकी दोन, म्हणजे अडतीस फोटो, पंधरा रुपयांप्रमाणे पाचशे सत्तर रुपये झाले. उरलेल्या दोनशे तीस रुपयांत सगळ्यांचा फोटो मोठा करून विहारात लावला.

आत्यांच्या हातात त्यांचा फोटो दिला, तर त्यांनी तो खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला. हातातला स्टँड फोटोत काठीसारखाच दिसतो आहे. मग म्हणाल्या, "आजून एक काढून दे. ह्यो हितं राहू दे, एक माहेरी उमदीला धाडायचा हाय." त्याचे पंधरा रुपये त्यांनी कनवटीतून काढून आमच्या हातावर ठेवले आणि पावती मागितली.